स्वर कोणी ठरवायचा? सातारा-सांगलीच्या श्रुतिपेटीपासून घरच्या सिंथेसायझरपर्यंत

रविवारच्या पवित्र मिस्साला आपल्या बहुतेक धर्मग्रामांत गायनवृंदाच्या साथीला पेटी किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असतो. कीबोर्डवरील एक बटण दाबले की ऑर्गनचा आवाज येतो, दुसऱ्याने बासरीचा, तिसऱ्याने व्हायोलिनचा. आवाज शेकडो असतात. परंतु कोणत्या पट्टीचा स्वर नेमका किती उंच असावा, ही गोष्ट त्यांपैकी कोणत्याही बटणाने बदलत नाही. ती वाद्य विकत घेण्यापूर्वीच कारखान्यात ठरून गेलेली असते. वादक ती स्वीकारतो, गाणारे तिच्याशी जुळवून घेतात आणि मुले तोच स्वर खरा मानून मोठी होतात.

हा निर्णय वाद्य वाजवणाऱ्याच्या हाती परत आणता येतो. त्यासाठी साधा संगणक, विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानातील दोन-तीन वस्तू एवढे साहित्य पुरते. संगणकात स्वतः सिंथेसायझर रचणे आणि तो वाजवण्यासाठी स्वतःच्या हाताने नियंत्रक तयार करणे हा छंद आज जगभर पसरला आहे. मात्र ज्या प्रश्नासाठी हा खटाटोप करावासा वाटतो, तो प्रश्न आपल्याच सातारा-सांगली परिसरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दोन निवृत्त व सेवारत सरकारी अधिकाऱ्यांनी हाती घेतला होता. प्रस्तुत लेखात त्यांचा प्रयोग, त्याचे अपयश आणि आज तोच प्रयोग घरी कसा करता येईल, याची ओळख करून घेऊ या.

सिंथेसायझर आणि नियंत्रक म्हणजे काय?

ध्वनी म्हणजे हवेतील कंपन. पेटीत धातूची पातळ पट्टी कंप पावते, तंबोऱ्यात तार, बासरीत हवेचा स्तंभ. सिंथेसायझरमध्ये असे काहीच कंप पावत नाही. त्यात कंपनाचा आलेख विजेच्या किंवा आकड्यांच्या रूपाने तयार होतो आणि शेवटी ध्वनिवर्धकाचा पडदा तो आलेख हवेत उतरवतो. हे काम संगणकातील आज्ञावलीने केले तर त्याला सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात. अशी आज्ञावली सामान्यतः दर सेकंदाला ४४,१०० आकडे तयार करते. १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून संगीत वाजवून घेतले, ते याच तत्त्वावर.

नियंत्रक हा स्वतः आवाज काढत नाही. बोटाची हालचाल, दाब किंवा फुंकर मोजून तो आकडे संगणकाकडे पाठवतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पट्ट्या आणि भाता म्हणजे नियंत्रक, आणि आतील सूर म्हणजे सिंथेसायझर. पेटीत हे दोन्ही एकाच लाकडी खोक्यात कायमचे जोडलेले असतात. संगणकात ते वेगळे होतात, आणि दोन्ही आपल्या मनाप्रमाणे घडवता येतात.

भारतात या विद्येची सुरुवात जुनी आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवला गेला. मुंबईत १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी जपानी सिंथेसायझरांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. पण ती यंत्रे महाग होती व सामान्य संगीतप्रेमीच्या आवाक्याबाहेर होती. आज परिस्थिती तशी राहिलेली नाही.

एका गांधाराचे तीन आकडे

मूळ प्रश्न समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. संगीतशास्त्राच्या आपल्या पुस्तकांत षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा मानण्याचा प्रघात आहे. तार षड्ज त्याच्या दुप्पट, म्हणजे ४८०. पंचम दीडपट, म्हणजे ३६०. येथवर फारसा वाद नाही.

गांधारापाशी मात्र वाट फुटते. षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ५/४ या प्रमाणात गांधार घेतला तर तो ३०० कंपनांचा होतो. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाची तार छेडल्यावर जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो हाच. पंचमाच्या मागे पंचम असे मोजत गेल्यास ८१/६४ या प्रमाणाचा दुसरा गांधार मिळतो, तो ३०३.७५ कंपनांचा. या दोहोंतील अंतर ८१/८० इतके असून त्याला प्रमाणश्रुती म्हणतात. कीबोर्डवरील गांधार या दोन्हींपेक्षा निराळा आहे. तेथे सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात आणि गांधार ३०२.३८ वर येतो.

अडीच कंपनांच्या फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. तंबोऱ्याचा खर्ज १२० कंपनांचा धरा. त्याच्या पोटात पाचपट, म्हणजे ६०० कंपनांचा उपस्वर असतो. कीबोर्डच्या गांधाराच्या पोटात दुप्पट, म्हणजे सुमारे ६०४.८ कंपनांचा उपस्वर असतो. हे दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे ऐकू येतात. ३०० चा गांधार घेतला तर दोन्ही उपस्वर ६०० वर एकमेकांत मिसळतात आणि हेलकावे थांबतात. गाणारे ज्याला ‘सूर लागला’ म्हणतात, त्याचा एक मोठा भाग या शांततेत आहे.

समान बारा भागांची पद्धत वाईट आहे, असे नव्हे. कोणत्याही पट्टीतून गाणे वाजवता यावे म्हणून ती स्वीकारली गेली. युरोपातील चर्चमधील ऑर्गन मात्र पूर्वी कित्येक पिढ्या ‘मीनटोन’ नावाच्या वेगळ्या पद्धतीने लावलेले असत आणि त्या पद्धतीच्या सर्वपरिचित प्रकारात गांधार नेमका ५/४ च ठेवला जाई. इटलीतील काही ऑर्गनांत तर काळ्या पट्ट्या मधोमध दुभंगून एका जागी दोन स्वर बसवलेले होते. तेव्हा स्वराची जागा हा केवळ पूर्वेचा प्रश्न नाही. माणसाच्या कानाचा आणि यंत्राच्या सोयीचा हा जुना तंटा आहे.

सातारा-सांगलीचा प्रयोग

सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. सातारा आणि सांगली यांचे नाते असे जवळचे आहे. संगीताच्या इतिहासातही ही दोन नावे एकत्र येतात.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आपल्या प्राचीन ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्यांच्या नेमक्या जागा कोणत्या, याचा शोध त्यांनी तारेची लांबी मोजून घेतला. तारेची लांबी आणि कंपनसंख्या यांचे प्रमाण व्यस्त असते. छत्तीस इंच तार २४० कंपने देत असेल, तर ३०० कंपनांसाठी ती २८.८ इंचांवर दाबावी लागते. गवयाने स्वर लावावा, तारेवरची घोडी त्या स्वराला जुळेपर्यंत सरकवावी आणि मग पट्टीने लांबी मोजावी, अशी ती रीत. या कामी त्यांना किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. खाँसाहेबांचे नाव पुढे मिरजेशी कायमचे जोडले गेले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मिरजेतच त्यांचे दफन झाले. देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

देवलांच्या कामाने साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स प्रभावित झाले. त्यांनी १९१३ मध्ये भारतीय संगीताचा परिचय करून देणारे पुस्तक इंग्रजीत लिहिले. दोघांनी मिळून या श्रुती प्रत्यक्ष वाजवता येतील अशी पेटी घडवण्याचा ध्यास घेतला. १९११ च्या सुमारास लंडनच्या मूर अँड मूर या वाद्यनिर्मात्यांकडून ती श्रुतिपेटी तयार करून घेण्यात आली. सप्तकात नेहमीच्या बारा सुरांऐवजी तिच्यात सर्व श्रुतींचे सूर बसवलेले होते.

कारखान्याने दिलेले बारा स्वर नाकारून स्वतः मोजलेले स्वर यंत्रात बसवणे, हेच आज घरी सिंथेसायझर रचणारा मनुष्य करीत असतो. फरक एवढाच की, देवल आणि क्लेमंट्स यांना प्रत्येक स्वरासाठी पितळेचा सूर घासून घ्यावा लागला आणि त्यासाठी समुद्रापलीकडे जावे लागले.

बडोद्याचा धडा

मार्च १९१६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे तिचे प्रमुख सूत्रधार होते. श्रुतिपेटी तेथे जाणकारांपुढे मांडण्यात आली. परंतु उपस्थित गायकांच्या प्रत्यक्ष गायनाशी तिचे स्वर जुळतात, असे परिषदेला पटले नाही आणि तिला मान्यता मिळाली नाही. पुढे ती प्रचारातून गेली.

या अपयशाचे कारण समजून घेणे आवश्यक आहे, कारण आजचा नवशिक्याही त्याच ठिकाणी अडखळतो. बारा स्वर अपुरे आहेत म्हणून बावीस केले, तरी ते बावीसही जागच्या जागी खिळलेलेच राहतात. गायक एका स्वरातून दुसऱ्यात मींडेने जातो, कोमल स्वर आंदोलित करतो, एकाच रागात चढताना आणि उतरताना त्याच स्वराची जागा किंचित बदलतो. १९६३ मध्ये जैराजभॉय आणि स्टोन या अभ्यासकांनी गायक-वादकांच्या स्वरांची यंत्राने मोजणी प्रसिद्ध केली. तीत एकाच कलावंताचा एकच स्वर प्रत्येक वेळी थोडा वेगळा पडतो, असे आढळले. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये शिथिल होऊ लागली. त्या वादातही मींड न निघणे हा मुख्य आक्षेप होता.

ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडच्या काळात बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली. तिच्यात पट्ट्या नेहमीच्याच बारा असून खुंटी ओढून किंवा ढकलून त्या पट्टीची श्रुती बदलता येते. बडोद्याचा धडा मात्र आपल्यासाठी असा आहे : स्वर नेमका असणे पुरेसे नाही, तो हलवता आला पाहिजे. म्हणून सिंथेसायझरइतकेच लक्ष नियंत्रकाकडे द्यावे लागते.

तार संगणकात कशी उतरते?

सुरुवातीसाठी ‘प्युअर डेटा’ हे सॉफ्टवेअर सोयीचे आहे. अमेरिकन संशोधक मिलर पकेट यांनी ते १९९० च्या दशकात तयार केले. ते विनामूल्य असून जुन्या संगणकावरही चालते. यात ओळींमागून ओळी लिहाव्या लागत नाहीत. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि त्या रेषांनी जोडायच्या. एक चौकट कंपन निर्माण करते, दुसरी त्याचा जोर कमी-अधिक करते, तिसरी ते ध्वनिवर्धकाकडे पाठवते.

पहिला पाठ असा करावा. करवतीच्या दात्यांसारखा आलेख देणारी कंपनाची चौकट निवडावी, कारण तिच्यात सर्व उपस्वर असतात. अशा दोन चौकटी मांडून एकीला १२० आणि दुसरीला ३०२.३८ हा आकडा द्यावा. कान देऊन हेलकावे मोजावेत. मग दुसरा आकडा ३०० करावा. देवलांना ज्यासाठी तार, घोडी आणि गवई लागले, तो फरक अशा रीतीने दोन मिनिटांत कानाला कळतो.

दुसरा पाठ तंबोऱ्याच्या तारेचा. १९८३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेची एक अत्यंत सोपी युक्ती प्रसिद्ध केली. एका वर्तुळात ३६७ खाने आहेत आणि प्रत्येकात मनाला येईल तो लहान आकडा भरला आहे, अशी कल्पना करा. हीच तारेची छेड. आता दर टप्प्याला एका खान्यातील आकडा ध्वनिवर्धकाकडे पाठवायचा आणि त्याच्या जागी तो व त्याच्या शेजारचा आकडा यांची सरासरी ठेवायची. वर्तुळ पुन्हा पुन्हा फिरत राहते. सरासरीमुळे आकड्यांतील तीक्ष्ण चढउतार आधी विरतात आणि संथ चढउतार मागे राहतात. खऱ्या तारेतही बारीक उपस्वर आधी मावळतात आणि मूळ स्वर रेंगाळतो. म्हणूनच कानाला ती तार वाटते.

स्वराची उंची खान्यांच्या संख्येवर ठरते. सरासरी घेण्यात अर्ध्या खान्याचा उशीर होतो, तो धरून ४४,१०० ला ३६७.५ ने भागले की नेमकी १२० कंपने मिळतात. हा आपला खर्ज. पंचमाच्या १८० कंपनांसाठी २४४.५ खाने लागतात आणि जोडीच्या २४० कंपनांसाठी १८३.२५. पण खाना अर्धा किंवा पाव कसा असेल?

नवशिक्याची पहिली चूक येथे होते. तो जवळचा पूर्णांक घेतो. खर्जात ही चूक कानाला खुपत नाही, तार सप्तकात मात्र ती मोठी होते. ६०० कंपनांच्या तार गांधाराला ७३ खाने लागतात. एक खाना वाढवून ७४ केले की स्वर ५९२ वर उतरतो. आठ कंपनांचा हा फरक प्रमाणश्रुतीपेक्षाही मोठा आहे, कारण तेथे एका प्रमाणश्रुतीचे अंतर सुमारे साडेसात कंपनांचे आहे. म्हणजे पूर्णांकांवर समाधान मानणारा संगणक बाजारातील कीबोर्डपेक्षाही बेसूर होऊ शकतो. यावर उपाय म्हणजे दोन शेजारच्या खान्यांमधील किंमत प्रमाणाने काढणे. प्युअर डेटामध्ये असे अपूर्णांकी अंतर वाचणारी चौकट तयार मिळते, तीच वापरावी.

एवढे करूनही ही तार तंबोऱ्यासारखी वाजत नाही, कारण तिला जवारी नाही. तंबोऱ्याची घोडी धारदार नसून रुंद आणि किंचित उतरती असते. तार कंप पावताना तिच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि तिची मोकळी लांबी क्षणोक्षणी बदलते. खाली सरकवलेला दोरा हा स्पर्श नेमक्या जागी आणतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की, साध्या तारेच्या नियमानुसार जे उपस्वर निघूच नयेत, तेही तंबोरा आणि वीणा यांच्यातून ऐकू येतात. त्याचे कारण ही घोडी होय. सॉफ्टवेअरमध्ये याचे स्थूल अनुकरण करता येते. तार एका बाजूला झुकेल तेव्हा तिच्या झुकण्याच्या प्रमाणात वर्तुळ किंचित लहान करायचे. याहून सूक्ष्म गणिती प्रतिकृतींवर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी काम केले आहे.

स्वतःची सरकपट्टी

आता मींडेकडे वळू. यासाठी सर्वांत सोपा नियंत्रक म्हणजे सरकणारा रोधक, अर्थात ध्वनिमिश्रणाच्या यंत्रावर खाली-वर सरकवायची असते ती दांडी. दुकानात १० किलोओहमचा घ्यावा आणि त्यावर ‘बी’ हे अक्षर आहे याची खात्री करावी. ‘ए’ अक्षराचा रोधक समान गतीने बदलत नाही व त्यामुळे स्वरांच्या जागा चुकतात.

मोजणीसाठी आर्दुइनो हे छोटे मंडल वापरावे. इटलीतील इव्रेया गावी २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ते तयार झाले आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे. रोधकाची दोन टोके मंडलाच्या पाच व्होल्ट आणि शून्य व्होल्टला जोडावी आणि मधला पाय मोजणीच्या खाचेला. दांडी एका टोकाकडून दुसरीकडे सरकवली की मंडल ० ते १,०२३ असे आकडे देते.

हा आकडा सरळ कंपनसंख्येत मिळवू नये. कान बेरीज ऐकत नाही, प्रमाण ऐकतो. आलेल्या आकड्याला १,०२४ ने भागावे, येणारा अपूर्णांक २ चा घातांक करावा आणि त्या उत्तराने २४० ला गुणावे. म्हणजे दांडीचा पूर्ण प्रवास बरोबर एक सप्तक होतो. शुद्ध स्वरांच्या खुणा मग अशा पडतात : रिषभ १७४, गांधार ३३०, मध्यम ४२५, पंचम ५९९, धैवत ७५५, निषाद ९२९. या खुणा पट्टीवर पेन्सिलीनेच कराव्यात. शाईची घाई करू नये. कान काही दिवसांनी त्या जागा थोड्या सरकवायला सांगेल.

या मोजपट्टीत एका प्रमाणश्रुतीच्या अंतरात सुमारे १८ पायऱ्या येतात. त्यामुळे मींड गुळगुळीत निघते. पण हाच आकडा ‘मिडी’ या प्रचलित संकेताच्या साध्या नियंत्रण-संदेशातून पाठवला तर गोष्ट वेगळी होते. १९८३ पासून चालत आलेल्या या संकेताच्या तशा संदेशात फक्त १२८ पायऱ्या असतात. त्या साऱ्या सप्तकावर पसरल्या की एका श्रुतीत जेमतेम दोन पायऱ्या उरतात आणि मींड जिना उतरल्यासारखी ऐकू येते. म्हणून आकडा थेट तारेवरून प्युअर डेटाकडे पाठवावा. मिडीच वापरायचे असेल तर स्वर वाकवण्याचा संदेश वापरावा. त्यात १६,३८४ पायऱ्या असतात. २०२० मध्ये स्वीकारलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत पायऱ्यांची ही अडचण बरीच दूर झाली आहे.

आणखी दोन सूचना. दांडी स्थिर असतानाही आकडे एक-दोनने थरथरतात. शेवटच्या आठ मोजण्यांची सरासरी घेतली की थरथर थांबते. आणि बोट हलल्यावर आवाज उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअरमधील साठवणीचा आकडा तपासावा. ५१२ आकडे साठवून मग वाजवणारा संगणक तेवढ्यानेच सुमारे १२ सहस्रांश सेकंद मागे राहतो, तर ६४ आकडे साठवणारा दीड सहस्रांश. गाणाऱ्याला साथ करताना हा फरक जाणवतो.

मिरजेचे कारागीर आणि यंत्रातील तंबोरा

हे सारे लिहिताना मिरजेकडे पाठ फिरवता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबातील फरीदसाहेब यांनी येथे तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय मिळाला आणि त्यांचे वंशज ‘सतारमेकर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारा भोपळा आणि तुणीचे लाकूड यांपासून ते तंबोरा घडवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मानांकन मिळाले तरी पोटाचा प्रश्न सुटतोच असे नाही. बंगळुरूचे जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. पुढे तो हातात मावणाऱ्या पेटीत आला आणि आता मोबाइल फोनमध्ये आला आहे. प्रवासात तंबोरा फुटण्याची भीती नाही, तो लावण्यात वेळ जात नाही, दुसरा माणूस साथीला लागत नाही. या सोयींना नाव ठेवण्यात अर्थ नाही. तथापि ज्या घरात पूर्वी रियाजासाठी एक तंबोरा विकत घेतला जाई, तेथे आज फोनवर भागते, आणि याची झळ कारागिरापर्यंत पोहोचते.

या झळेत केवळ एक धंदा नाही, तर एक कानही जाण्याची भीती आहे. जवारी काढणारा कारागीर घोडीवरून कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा केसभर घासतो. किती घासायचे याचे माप कोणत्याही पट्टीवर नाही. सॉफ्टवेअरमधील तार तयार करणाऱ्याने वर्तुळ किती लहान करायचे, याचाही आकडा कोणत्या पुस्तकात नाही. तोही ऐकूनच ठरवावा लागतो. आणि ऐकायचे कशाशी ताडून? शेवटी मिरजेच्या तंबोऱ्याशीच. मूळ वाद्य ऐकणारे उरले नाहीत, तर त्याची प्रतिकृती बरोबर आहे की चूक, हे सांगणाराही उरणार नाही.

म्हणून ज्या तरुणाला हा छंद जडेल, त्याने संगणक उघडण्यापूर्वी मिरजेत जाऊन एखाद्या कारागिराच्या दुकानात जवारी काढताना पाहावे आणि ऐकावे. ती बैठक त्याला कोणत्याही आज्ञावलीपेक्षा अधिक शिकवील.

आपल्या गायनवृंदासाठी

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीचा जो दस्तऐवज दिला, त्यात पाईप ऑर्गनचा गौरव आहे. त्याचबरोबर प्रत्येक समाजाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे आणि पवित्र कार्यास साजेशी इतर वाद्येही स्वीकारावीत, असेही त्यात सांगितले आहे. मराठी ख्रिस्ती समाजात ही जाणीव त्याही आधीची आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९१७ पासून, साताऱ्यात राहिले. त्यांच्या भजनांनी आणि कीर्तनांनी मराठी ख्रिस्ती कंठाला त्याची स्वतःची चाल दिली. ती भजने गाताना स्वरही आपलेच असावेत, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

यासाठी प्रत्येक धर्मग्रामाने सिंथेसायझर तयार करण्याची आवश्यकता नाही. चर्चमधील कीबोर्डची माहितीपुस्तिका पाहावी. अनेक कीबोर्डांत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे थोडा उतरवण्याची वा चढवण्याची सोय असते आणि ती बहुधा कधीच वापरली जात नाही. गीत एकाच पट्टीत असेल आणि साथ एकेरी स्वरांची असेल, तर गांधार आणि धैवत थोडे उतरवून पाहावेत. निषादही थोडा उतरवून ऐकावा. मधेच पट्टी बदलणाऱ्या गीतांना व पाश्चात्त्य सुरावटींना मात्र नेहमीचीच लावणी ठेवावी. सरावाच्या दिवशी मुलांना आधी तंबोऱ्यावर, तो नसेल तर संगणकातील नीट लावलेल्या तंबोऱ्यावर, कीबोर्ड बंद ठेवून गाऊ द्यावे.

शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना सुटीत हा प्रकल्प अवश्य सुचवावा. त्यात भौतिकशास्त्र आहे, गणित आहे, डाग देऊन तारा जोडण्याचे हस्तकौशल्य आहे, आणि त्या सर्वांच्या शेवटी निर्णय कानाचा आहे. देवल आणि क्लेमंट्स यांची श्रुतिपेटी बडोद्यात हरली. पण स्वर कोठे असावा हे कारखान्याने नव्हे, तर ऐकणाऱ्याने ठरवावे, हा त्यांचा आग्रह हरलेला नाही. आज तो आग्रह धरण्यासाठी लंडनला पत्र पाठवावे लागत नाही. तरीही आधी नीट ऐकावे लागतेच. आणि ऐकण्यासाठी लागणारा तंबोरा आजही आपल्या मिरजेत घडतो.